दगड होते तिथंच आहेत

अकोला,
१८ सप्टेंबर २०२३

चंदा बेठेकर यांना नमस्कार.

मी ज्योत्स्ना तायडे, अश्विनची मोठी बहीण. अश्विनचा देह कड्याखालून आणला त्या दिवशी अचलपूरच्या दवाखान्याबाहेर मी पायरीवर बसले होते तेव्हा तुम्ही काही न विचारता माझ्या हातात चहाचा कप दिला होता. तुम्ही नितेशच्या पत्नी आहात हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी तो चहा घेतला असता की नाही, सांगता येत नाही.

अश्विनने मागच्या वर्षी तुमच्या अंगणवाडीसाठी चित्रांची पुस्तकं पाठवली होती. तुमचा पत्ता त्या पार्सलच्या पावतीवरून घेतला.

मी भांडायला लिहीत नाही. नितेशवर तक्रार माझ्या बाबांनी केली आहे. वाटाड्या म्हणून पैसे घेतले आणि धुक्यात मुलाला एकटं सोडलं, असं त्यांचं म्हणणं आहे. मी त्यावर सही केलेली नाही आणि विरोधही केलेला नाही. आमच्या घरात आता दोघंच आहोत. आई जाऊन सहा वर्षं झाली.

मला फक्त दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या दिवशी सकाळी तो तुमच्याकडे काय जेवला? आणि तो वाट कशी चुकला? बोरीढान्यापासून तलावापर्यंत आणि तिथून खाली डांबरी रस्त्यापर्यंतची ती पायवाट त्यानेच अमरावतीच्या आपल्या ट्रेकिंग ग्रुपसाठी आखली होती. पावसाळ्यात लोकांना घेऊन यायचं म्हणून फेब्रुवारीत चार शनिवार-रविवार तिथं राहून त्याने प्रत्येक वळणावर दगड रंगवले होते. आमच्याच अंगणात चुना कालवून पाहिला होता. स्वतःच्या हाताने खुणा केलेल्या वाटेवर माणूस कसा चुकतो? ते दगड आता तिथं आहेत का?

जमलं तर लिहा. पत्र माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

ज्योत्स्ना तायडे


बोरीढाना, ता. चिखलदरा,
५ ऑक्टोबर २०२३

ज्योत्स्ना मॅडम यांना नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला. आमच्याकडे रेंज नाही. टेकडीवर चढले की फोन लागतो, पण तिथं कायम चार माणसं बसलेली असतात. पत्र मी चिखलदऱ्याला मीटिंगला जाते तेव्हा टाकते.

अश्विन सर त्या दिवशी कुटकीचा, म्हणजे आमच्याकडच्या बारीक धान्याचा भात आणि बरबटीची भाजी जेवले. दोनदा भात घेतला. आमच्या सासूबाई, पार्बताबाई, त्यांची नेहमी मस्करी करायच्या. त्या दिवशीही म्हणाल्या, "तुले बायको भेटत नाही म्हणून डोंगर फिरते का रे तू?" सर म्हणाले, "भेटते आजी, पण तिले चढ चढता येत नाही." सासूबाई खूप हसल्या. आमची मुलगी आकांक्षा तापाने पडून होती. सरांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मगच निघाले.

नितेश तलावापर्यंत सोबत होता. तिथं सरांनीच त्याला परत पाठवले. म्हणाले, पोरीला ताप आहे, तू घरी जा, पुढची वाट माझ्या हातची आहे. नितेश दोनदा नाही म्हणाला. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चालायला लागले. हे नितेशने ठाण्यात सांगितले, पण ऐकायला दुसरे कोणी नव्हते म्हणून ते धरत नाहीत. तो परत आला तेव्हा धुके नव्हते. दुपारी आले.

आता त्याला दर सोमवारी ठाण्यात हजेरी आहे. वाटाड्याचे ओळखपत्र काढून घेतले. गाव सोडायचे नाही असे सांगितले आहे, म्हणून या वर्षी तो सोयाबीन काढायला खाली उतरला नाही.

दगडांचे विचारले. दगड होते तिथंच आहेत.

चंदा


अकोला,
२१ ऑक्टोबर २०२३

चंदाताई,

कुटकीचा भात त्याला कसा आवडायला लागला, माहीत नाही. घरी तो भात टाकून उठायचा.

तलावावरची गोष्ट मला खरी वाटते. तापलेलं मूल घरी असताना कोणाला सोबत चालायला लावणारा माणूस तो नव्हता. आकांक्षा आता बरी आहे ना? मागच्या पत्रात मी तिची विचारपूस करायला हवी होती, पण मला तेव्हा ती माहीतच नव्हती.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी बाबांना सांगितलं. पत्राबद्दल बोलले नाही, तिकडच्या कोणाकडून कळलं असं म्हणाले. दगड जागेवर असतील तर अश्विन धुक्यात स्वतःच चुकला असेल, हे त्यांना पटेल आणि त्यांचा राग उतरेल, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. बाबा भूमी अभिलेखमध्ये होते. पस्तीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या. त्यांनी विचारलं, "खुणा जागेवर आहेत?"

"हो."

"मंग तो चुकलाच नाही. माझा पोरगा खूण सोडून पाय टाकत नाही. लहानपणी सायकलनं शाळेत जाय तरी दगड मोजत जाय. त्याले कोणीतरी वाटेवरून दुसरीकडे नेलं."

मी म्हटलं, "बाबा, कोण नेईल? काहून नेईल?"

"ते पोलिसांनी पाहावं."

दुसऱ्या दिवशी ते एसटीने गेले आणि जादा जबाब देऊन आले. त्यांनी नेमकं काय लिहून दिलं ते मला दाखवलं नाही. तुम्हाला यातून काही त्रास झाला असेल तर तो माझ्यामुळे झाला.

इकडचं काय सांगू. मी सहाला घरी पोचते. सहा वाजून पाच मिनिटं झाली की बाबा फाटकात उभे असतात. मी दिसले की आत जातात. मैत्रिणीकडे जाणं बंद केलं आहे, कारण परत येईपर्यंत ते पाणीसुद्धा पीत नाहीत. अश्विनचे चालायचे बूट त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि माझ्या कॉलेजच्या सहलीचे जुने बूटही त्याच कपाटात टाकले. म्हणाले, "त्या डोंगरात आपल्या घरचं कोणी पुन्हा जाणार नाही." मी बरं म्हटलं. 

ज्योत्स्ना


बोरीढाना,
७ नोव्हेंबर २०२३

ज्योत्स्ना मॅडम,

पोलीस आले होते. गाडी गावापर्यंत येत नाही, म्हणून चालत आले. नितेशला घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी सोडले. सरांना वाटेवरून कोण घेऊन गेले, पैशाचे काही भांडण होते का, असे विचारत होते. नितेशने एकच सांगितले, मी तलावावरून परत आलो. परत आला तेव्हापासून तो कोणाशीच बोलत नाही. सासूबाई त्याच्यापुढे ताट ठेवतात आणि आत जाऊन बसतात. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलेले मी पंधरा दिवसांत पाहिलेले नाही.

मी तुम्हाला लिहिले ते खोटे नव्हते. दगड होते तिथंच आहेत. पण माझ्या त्या ओळीने असे होईल हे मला समजले नाही.

मॅडम, तुम्ही एकदा या. वाट पाहा. माझ्याच्याने कागदावर लिहवत नाही आणि फोनवर सांगता येत नाही. आता धुके नाही, ऊन आहे. मी सोबत चालेन.

आकांक्षा बरी आहे. तुम्ही विचारले म्हणून तिला सांगितले. ती म्हणाली, पुस्तकवाल्या सरांची बहीण का?

चंदा


अकोला,
२८ नोव्हेंबर २०२३

चंदाताई,

मी सुखरूप पोचले. बाबांना ऑफिसचं दोन दिवसांचं प्रशिक्षण अमरावतीला आहे असं सांगितलं होतं. त्यांनी ते मानलं. बूट मागता आले नाहीत म्हणून मी तुमच्या डोंगरात ऑफिसची चप्पल घालून आले होते. तुम्ही ते पाहिलं आणि स्वतःचे बूट काढून दिले. मी ते घेतले, तुम्ही अनवाणी चाललात. त्याबद्दल मी तिथं काही बोलले नाही, म्हणून इथं लिहिते.

दोन वाटा फुटतात तिथं मी बसले आणि तुम्ही पाणी भरायला झऱ्यावर गेलात. तिथून एक वाट उजवीकडे खाली रस्त्याला जाते आणि एक डावीकडे, गुरं गवताला जातात ती, जी कड्यापाशी संपते. दोन्ही सारख्याच रुंद आहेत. गुरांची वाट जरा जास्तच मळलेली दिसते. सकाळपासून मी एकही पांढरा दगड पाहिला नव्हता. तुम्ही पुढे चालत होतात आणि मागे वळून बघत नव्हतात. मला वाटलं, पावसात चुना धुऊन गेला असेल.

माझ्या पायाशी दोन हातांनी उचलावा एवढा एक दगड होता. बाकीचे दगड मातीत रुतलेले होते, हा नुसता ठेवल्यासारखा होता. त्याच्या कडेचं गवत पिवळं पडलं होतं. मी तो उलटला. खालची बाजू पांढरीशुभ्र होती, काल रंगवल्यासारखी. त्यावर गेरूने आकडा होता आणि उजवीकडे जाणारा बाण. आकडा अश्विनच्याच हातचा. तो नऊचं शेपूट लांब ओढायचा.

तुम्ही परत आलात तेव्हा तो दगड माझ्या मांडीवर होता. तुम्ही पाण्याची बाटली खाली ठेवली. मी दगड होता तसाच, पांढरी बाजू खाली करून ठेवला. का ठेवला, मला माहीत नाही. उतरताना वाटेत आणखी तीन-चार दगड मी पायाने उलटून पाहिले. सगळे तसेच होते. आपण गावापर्यंत एक शब्द बोललो नाही.

दगड होते तिथंच होते हे खरं. आता मला बाकीचं सांगा. कागदावर लिहवत नाही म्हणाला होतात, पण आता मी पाहिलं आहे.

ज्योत्स्ना


बोरीढाना,
९ डिसेंबर २०२३

ज्योत्स्नाताई,

लिहिते.

आमच्या पलीकडे पिंपळढाना नावाचे गाव होते. सासूबाईंचे माहेर तिथले. आठ वर्षांपूर्वी ते गाव उठले. वाघाच्या जंगलातून गाव काढायचे म्हणून लोकांना खाली अकोटकडे नेले. घरे दिली, पैसे दिले. पण गाव गेले ते गेलेच. सासूबाईंचा भाऊ खाली गेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात वारला. गाव उठायच्या आधी काय झाले होते, ते सासूबाईंनी पाहिले होते. आधी साहेब लोक आले. गोड बोलले, पोरांना खाऊ दिला, लोकांच्या घरी जेवले. मग रानात जागोजागी पांढरे दगड दिसायला लागले, त्यावर आकडे. मग कागद आले.

अश्विन सर आले, गोड बोलले, पुस्तके दिली, आमच्याकडे जेवले. मग पांढरे दगड आले, त्यावर आकडे.

सरांनी सगळ्यांना सांगितले होते की फिरायला येणाऱ्यांसाठी खुणा आहेत. पुरुषांना पटले. नितेशने तर चुन्याचा डबा उचलला होता. पण बायकांना पटले नाही. त्या म्हणाल्या, चालायला खुणा लागतात का? वाट तर दिसते. आणि वाटेला आकडे काहून घालते? आकडे मोजणीलाच घालतात. मार्चमध्ये बायका मोह वेचायला गेल्या आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेल्या, तेव्हा जाता येता एकेक दगड उलटा केला. फेकला नाही. सासूबाई म्हणाल्या, सरकारचा दगड फेकला तर गुन्हा लागते, उलटा केला तर काय? दगड तर तिथंच आहे. हे त्यांचेच वाक्य. मी तुम्हाला तेच लिहिले.

पुरुषांना यातले काही माहीत नव्हते. नितेश खुणा पाहून चालत नाही, पायाच्या सवयीने चालतो. तो त्या दिवशी तलावापर्यंत गेला तेव्हा त्याच्या लक्षात आले नाही. सरांच्या कसे आले नाही ते मला कळत नाही. तलावापर्यंतची वाट त्यांना पाठ होती, बोलत बोलत गेले असतील. पुढे धुके आले तेव्हा ते दगड शोधत असतील.

सरांना आणायला गेले तेव्हा नितेशने दोन वाटांवरचा दगड पाहिला. घरी येऊन आईला विचारले. त्या म्हणाल्या, तो दगड मीच उलटला. त्यानंतर दोघे बोललेले नाहीत. ठाण्यात खरे सांगायचे तर आईचे नाव घ्यावे लागते. मग बाकीच्या बायकांची नावे निघतील. आणि आमचे गाव उठवायचे म्हणून आधीच कागदावर आहे की नाही, ते आम्हाला कोणी सांगत नाही. गाव भांडखोर आहे असे एकदा लिहून गेले की संपले, असे सगळे म्हणतात. म्हणून तो गप्प बसतो आणि सोमवारी जातो.

सासूबाई रोज सकाळी दाराकडे तोंड करून बसतात. पोलीस आले की स्वतःच सांगायचे असे त्यांनी ठरवले होते. आले तेव्हा नितेशने त्यांना आत कोंडून बाहेरून कडी लावली.

ताई, आता तुम्हाला सगळे माहीत आहे. तुम्ही काय करायचे ते मी सांगणार नाही.

चंदा


अकोला,
४ जानेवारी २०२४

चंदाताई,

तुमचं पत्र मी ऑफिसच्या खणात ठेवलं आणि तीन आठवडे काहीच केलं नाही. सांगितलं तर पार्बताबाईंचं नाव बाहेर येणार, नाही सांगितलं तर नितेश अडकलेला राहणार. रोज सहाला घरी, बाबा फाटकात, मग दोघांचं जेवण, मग टीव्हीवरच्या बातम्या. 

रविवारी बाबांनी माझी ती कापडी पिशवी धुवायला काढली, मी तुमच्याकडे आणली होती ती. तळाशी पांढरी भुकटी होती. दगड मांडीवरून उतरवताना मी पिशवीवर टेकवला असणार. बाबांनी ती बोटाला लावली, चोळली आणि वास घेतला.

"डिंक घातलेला चुना आहे," ते म्हणाले. "कुठं गेली होती तू?"

मी सांगितलं. सगळं नाही, फक्त वाटेवर गेले होते एवढंच.

"दगड पाहिले?"

"पाहिले."

"जागेवर आहेत?"

मी हो म्हणणार होते. म्हटलं, "जागेवर आहेत, पण उलटे आहेत."

त्यांनी पिशवी बादलीत तशीच सोडून दिली. मोरीच्या उंबऱ्यावर बसले. मला वाटलं आता विचारतील कोणी केले, आणि मी काय उत्तर देणार ते माझं ठरत नव्हतं. त्यांनी ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "आकडे घातले होते का त्यानं?"

"हो. गेरूनं."

"लेका," ते म्हणाले. मला नाही, त्याला म्हणाले. मग सांगायला लागले. "मोर्शीकडे कालव्याची मोजणी होती. मी नवीन लागलो होतो. दिवसभर आमी दगड लावत जाऊ, आकडे घालत जाऊ. सकाळी पाहिलं की सारे उलटे. आमचे साहेब हसत. म्हणत, तायडे, गावाले अक्कल आहे, उपटून फेकत नाही. आमी पुन्हा सुलटे करून राहिलो, ते पुन्हा उलटे करून राहिले. महिनाभर चाललं. चहाच्या वेळी आमी पैज लावत होतो, आज किती उलटे होतील."

मी बादलीवरचा नळ बंद केला.

"कोणावर केस नाही केली आमी. म्हाताऱ्या बाया होत्या." मग म्हणाले, "मोजणीत आकडा लागतेच. वाटेच्या खुणेले आकडा लागत नाही, नुसता बाण पुरते. हे मी त्याले सांगितलं नाही. त्यानं विचारलं, बाबा, दगडावर खूण कशी करतात? मी म्हटलं, चुना घे, डिंक घाल, वरून गेरूनं नंबर टाक. मले बरं वाटलं होतं, त्यानं विचारलं म्हणून."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही फार नाही.

मी त्यांना पार्बताबाईंचं नाव सांगितलेलं नाही. त्यांनी अजून विचारलेलं नाही.

ज्योत्स्ना


बोरीढाना,
१९ फेब्रुवारी २०२४

ज्योत्स्नाताई,

तुम्हाला माहीत नसेल म्हणून लिहिते. तुमचे बाबा शुक्रवारी आमच्याकडे आले होते आणि शनिवारी गेले. तुम्हाला मोझरीला मित्राकडे जातो असे सांगून निघाले होते म्हणे. सांगताना जरा हसले.

आधी ठाण्यात जाऊन आले होते. त्यांनी दिलेल्या जबाबाची नक्कल नितेशला वाचून दाखवली. माझा मुलगा एकटा चालणारा होता, त्याने वाटाड्याला स्वतः परत पाठवले असे मी मानतो, दाट धुक्यात त्याला खुणा दिसल्या नसाव्यात, नितेश बेठेकरविषयी माझी तक्रार नाही. एवढेच आहे त्यात. केस लगेच बंद होत नाही असे साहेब म्हणाले, सोमवारची हजेरी अजून आहे. पण कागद दिला आहे.

मग तुमचे बाबा सासूबाईंसमोर बसले. सासूबाई घाबरल्या होत्या. नितेश मध्ये उभा राहिला. बाबा म्हणाले, "बाई, मी मोजणीवाला होतो. पांढरा दगड पाहिला की लोक काय करतात, मले माहीत आहे." सासूबाई म्हणाल्या, "मीच केला." बाबा म्हणाले, "मी काही विचारलं नाही तुम्हाले." सासूबाई रडल्या नाहीत. उठल्या आणि कुटकीचा भात वाढला. बाबा दोन घास खाऊन थांबले. सासूबाई म्हणाल्या, "तुमचा पोरगा दोनदा भात घेत जाय." तेव्हा बाबांनी ताट पुढे केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा, नितेश आणि मी वाटेने गेलो. बाबांच्या पायात अश्विन सरांचे बूट होते. मोठे होत होते, आत कापड कोंबले होते. ते प्रत्येक दगडापाशी थांबायचे आणि तो सुलटा करायचे. नितेश मदतीला वाकला की म्हणायचे, राहू दे. मी विचारले, आता पुन्हा पांढरे दगड वर काहून करता? बायका घाबरतील. ते म्हणाले, "उलटा ठेवला तर चुना वर्षानुवर्षं जात नाही. सुलटा ठेव. दोन पावसाळे झाले की दगडासारखा दगड. मंग कोणी भिणार नाही. वाट तुमची आहे, तुमच्या पायांनी राहील."

दोन वाटांपाशी ते बसले. तो दगड त्यांनी उचलून मांडीवर घेतला, तुम्ही घेतला होता तसाच. नऊचे शेपूट बोटाने चाचपले. मग परत खाली ठेवला, पांढरी बाजू मातीकडे करून. नितेश म्हणाला, हा राहिला. बाबा म्हणाले, "हा राहू दे. याच्यावरचा आकडा पावसात जायला नको."

खाली उतरल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितले, तेवढा एक दगड उलटाच ठेवा. सासूबाई म्हणाल्या, ठेवतो. तेव्हा नितेश आईच्या शेजारी बसला होता.

चंदा


अकोला,
२ मार्च २०२४

चंदाताई,

बाबा मोझरीहून आले असं मला म्हणाले. मी विचारलं, मित्र कसे आहेत? म्हणाले, बरे आहेत. बूट कपाटात परत ठेवले होते. कुलूप आहे, पण किल्ली कपाटालाच लावलेली असते.

त्यांचा जबाब मी तुमच्याच पत्रात पहिल्यांदा वाचला. दाट धुक्यात खुणा दिसल्या नसाव्यात. वाक्य खोटं नाही. तुमच्या त्या ओळीसारखंच आहे.

ते अजून फाटकात उभे राहतात. काल मला पाऊण तास उशीर झाला. ते उभेच होते, पण पाणी पिऊन आले होते. मी आत जाताना म्हणाले, "धुकं होतं का रस्त्यात?"

मार्चमध्ये अकोल्यात धुकं नसतं. मी म्हटलं, "नव्हतं, बाबा. रस्ता दिसत होता."

मोह वेचायला जाल तेव्हा दोन वाटांवरून जाल. त्या दगडावर पाय देऊ नका, एवढं बायकांना सांगा.

ज्योत्स्ना